समोरची चावी

आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक घराला लॅचचं दार होतं, आणि लॅचचं दार ही मोठी खाष्ट वस्तू आहे. कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला म्हणून एक पाऊल टाकावं, मागून वारा यावा आणि धाडकन आवाज व्हावा. मग तुम्ही बाहेर आणि चावी आत. अंगावर मॅक्सी, तिच्यावर घाईघाईत ओढलेली ओढणी, गॅसवर डाळ. मुलुंड पूर्वेच्या त्या चार मजल्यांत असं कधी झालं नाही अशी बाई मला भेटली नाही. पुरुषांचंही व्हायचं. ते बनियनवर सापडायचे आणि कबूल करायचे नाहीत.

म्हणून प्रत्येक घराची एक जादा चावी शेजारच्या घरात असायची. तसा काही ठराव कोणी पास केला नव्हता. दाराच्या आतल्या बाजूला, कॅलेंडरच्या शेजारी एक खिळा आणि त्याला शेजारच्यांची चावी. आमची लाल नाडीत, समोरच्यांची निळ्या. नियम मात्र सगळ्यांना पाठ होते. चावी मागायला आलेल्याला कारण विचारायचं नाही. गावाहून पाहुणा आला तर दोन प्रश्न विचारून मगच त्याच्या हातात द्यायची. दुसऱ्याचं घर उघडलंच तर संध्याकाळी सांगायचं. आत बसायचं नाही. फ्रीज उघडायचा नाही, आणि उघडलाच तर निदान विरजण लावून जायचं. हा शेवटचा नियम माझ्या समोरचीचा.

समोरची म्हणजे समोरच्या फ्लॅटमधली. मूळची नांदेडकडची, माझ्याच वयाची, महापालिकेच्या हॉस्पिटलात नर्स. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. तिच्या पाळ्या वेगळ्या, माझ्या वेगळ्या, त्यामुळे आमची मैत्री बहुतेक जिन्यात झाली. एक चढतेय, एक उतरतेय, आणि दोघी मधल्या पायरीवर थांबलेल्या. तिचं तोंड फटकळ, माझं त्याहून. ओळख झाल्यावर महिन्याभरात आम्ही एकमेकींना अगंतुगं करायला लागलो.

पण चावी इतक्या लवकर गेली नव्हती. माझ्या सासूबाईंनी आमची चावी वरच्या मजल्यावर दिली होती, समोर नाही. समोरचे कोण हे त्यांना आडनावावरून आणि त्यांच्या हॉलमधल्या तसबिरीवरून पहिल्याच दिवशी कळलं होतं. तोंडाने काही बोलल्या नाहीत, फक्त चावी घेऊन जिना चढल्या. मग एका दुपारी सासूबाई स्वतःच बाहेर अडकल्या. कुकर गॅसवर, आणि वरचे सगळे गावाला. समोरचीने त्यांना आपल्याकडे बसवलं, पाणी दिलं, आणि तिचा नवरा आपल्या खिडकीतून छज्ज्यावर उतरून आमच्या खिडकीत शिरला. त्याने गॅस बंद केला, आतून दार उघडलं आणि काही न बोलता घरी जाऊन झोपला, कारण त्याची बसवरची पहाटेची ड्युटी होती. सासूबाई आभार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वर गेल्या, चावी परत आणली आणि समोर जाऊन म्हणाल्या, "घे, तुझ्याकडे असू दे. वरच्यांचं काय, सारखे गावाला." त्यानंतर ती लाल नाडी तिच्याच भिंतीवर राहिली.

त्या चावीने मला माझा नवरा परत मिळवून दिला, हे मी सरळच सांगते. एके सकाळी मी कामावर गेल्यावर हे पिंप भरता भरता स्वयंपाकघरात कोसळले. नळ चालूच राहिला. समोरची रात्रपाळी करून घरी येत होती. तिला आमच्या दाराखालून जिन्यात येणारं पाणी दिसलं. तिने बेल दाबली नाही, विचार केला नाही, चावी काढली आणि दार उघडलं. मला एक्स्चेंजमध्ये फोन आला तेव्हा हे हॉस्पिटलात पोचलेले होते. "जिवंत आहेत. साडी बदलत बसू नकोस, ये," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर आम्हाला बरीच वर्षं मिळाली. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे ती वर्षं फक्त आमची दोघांची होती. पुढे हे गेले ते अंथरुणात, माझा हात हातात असताना. माणसाला याहून जास्त काय हवं असतं, मला माहीत नाही.

हे गेल्यावर पहिल्यांदा मला त्या खिळ्याचा खरा अर्थ कळला. एकट्या माणसाची भीती मरणाची नसते. मरण काय, येईल तेव्हा येईल. भीती असते ती दार बंद असण्याची. आपण आत पडलेले आहोत, नळ वाहतोय, आणि बाहेर कोणाला काही पत्ता नाही. रात्री दिवा मालवताना मी मनात म्हणायचे, चावी समोर आहे. मग झोप लागायची.

बदल झाला की लोक म्हणतात आभाळ कोसळलं. माझा अनुभव तसा नाही. आमच्याकडे बदल गच्चीवरच्या मीटिंगमध्ये आला, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला, त्याने आम्हाला वेफर्स आणि पेढा दिला, आणि पडद्यावर उंच बिल्डिंगचं चित्र दाखवलं. रिडेव्हलपमेंट. चार मजल्यांच्या जागी बावीस. आणि लिफ्ट. तेव्हा समोरचीचे गुडघे गेलेले होते. तिसरा मजला चढताना ती प्रत्येक वळणावर बसायची आणि जिन्याला शिव्या घालायची. तिचा नवराही तोवर गेला होता. "लिफ्ट असेल तर मी शंभर वर्षं जगेन," ती म्हणाली आणि तिने हात वर केला. तिच्याकडे बघून मीही केला. समोरासमोरचेच फ्लॅट द्या, एवढी एकच अट आम्ही दोघींनी घातली, आणि ती लगेच मान्य झाली. म्हणजे जे काही झालं ते आम्हाला विचारून, आमच्या हाताने झालं. दोष देऊ तर कोणाला?

घर सोडायच्या दिवशी सामान खाली गेलं, खोल्या रिकाम्या झाल्या, आणि मी सवयीने दार ओढून लॅच लावलं. समोरची हसायला लागली. "अगं वेडे, आता चोर काय भिंती नेणार आहे?" तिने स्वतःचंही दार ओढलं होतं, ते मी दाखवून दिलं. ज्याने त्याने आपल्या घराच्या चाव्या बिल्डरच्या माणसाकडे द्यायच्या होत्या. आम्ही दिल्या. एकमेकींच्या खिळ्यावरच्या चाव्यांची आठवण मात्र दोघींनाही झाली नाही. त्या सामानाबरोबर गेल्या, माझी तिच्याकडे, तिची माझ्याकडे.

मी भांडुपला भाड्याच्या खोलीत गेले, ती बोरिवलीला मुलाकडे. काम सुरू झालं, मध्येच थांबलं, कसलीशी परवानगी अडकली, पुन्हा सुरू झालं. आम्ही रोज फोनवर बोलायचो. सुरुवातीला ती मुलाच्या घराला "यांचं घर" म्हणायची. यांच्याकडे पोळ्या बाईच्या हातच्या. यांच्याकडे चहात आलं नाही. मग केव्हातरी ती "आमच्याकडे" म्हणायला लागली. मी ऑपरेटर, आवाज ऐकण्यात जन्म गेला माझा. मला ते पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. मी तिला तसं म्हटलं नाही.

नात झाली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, एकाचं, दुसऱ्याचं राहिलं. आणि एक दिवस, नव्या घराचा ताबा मिळायची वेळ आली तेव्हा, ती इकडचं तिकडचं बोलून शेवटी म्हणाली, "मी नाही येत गं परत. मुलगा म्हणतो एकटी कशी राहणार. तो फ्लॅट विकतोय. मी हो म्हटलं." मी "बरं" म्हणाले. मग बोरिवलीला मेथी कशी मिळते ते विचारलं. आपण एक गोष्ट बदलायला निघतो. आपल्याला वाटतं, तेवढीच बदलेल आणि बाकीच्या जागच्या जागी थांबतील. त्या थांबत नाहीत. आम्ही तिच्या गुडघ्यांसाठी लिफ्ट मागितली, आणि लिफ्ट येईपर्यंत ती बाई बोरिवलीची झाली.

नवं घर अकराव्या मजल्यावर. वास्तुशांतीला ती आली. खिडकीतून खाडीकडची हिरवळ बघितली, बाथरूमचे नळ सोडून बघितले, "झकास आहे," म्हणाली. जे स्वतःचं झालं असतं त्या समोरच्या दाराकडे मात्र तिने पाहिलं नाही. निघताना हात पुढे केला. "चावी दे."

"बोरिवलीला नेऊन काय करणार?"

"असू दे. सवय आहे."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते यालाच. कुलपाबरोबर तीन चाव्या आल्या होत्या. एक मी तिला दिली. तिने पर्समधून आमची जुनी चावी काढली आणि तिचीच लाल नाडी सोडून नवीला बांधली. तिने ती पर्समध्ये ठेवली, आणि मला इतकं बरं वाटलं की सांगायची लाज वाटते.

समोर एक तरुण जोडपं राहायला आलं. दोघंही नोकरीवाले, ती वांद्र्याच्या पुढे कुठल्याशा ऑफिसात. त्यांच्या दाराला चावीच नाही. आकडे दाबले की उघडतं. एका रविवारी मी तिसरी चावी घेऊन त्यांची बेल वाजवली. मुलीने दार अर्धं उघडलं. मी सांगितलं, मी एकटी असते, एक चावी तुमच्याकडे असू द्या. ती गोंधळली, आत नवऱ्याकडे बघितलं. तो बाहेर आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "काकू, आम्ही दिवसभर नसतो ना. उद्या काही इकडेतिकडे झालं तर उगाच आमच्यावर यायचं. सिक्युरिटीकडे ठेवा ना." त्याचं काही चुकलं नव्हतं. खाली सिक्युरिटीवाल्याने सांगितलं, चाव्या ठेवून घ्यायच्या नाहीत असा सोसायटीचा नियम आहे. मी वर आले आणि तिसरी चावी माझ्याच कपाटाच्या ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. त्या रात्री दिवा मालवताना मनात म्हणायला काही उरलं नव्हतं. मी आतून कडी लावायची सोडून दिली, निदान दार फोडणाऱ्याला कमी त्रास व्हावा म्हणून.

आणि मग अर्थातच लॅच लागलं. दुपारी कचऱ्याची पिशवी डक्टजवळ ठेवायला मी चार पावलं गेले. वारा होता की नाही कोणास ठाऊक, या नव्या दारांना वाराही लागत नाही. ती आपणहून लागतात.

जुन्या बिल्डिंगमध्ये मी मॅक्सीवर समोर गेले असते आणि चहा पिऊन परत आले असते. इथे समोरची बेल वाजवली, कोणी नव्हतं. मजल्यावरच्या बाकी दोन दारांपैकी एक अजून रिकामं आहे, आणि दुसऱ्यातले लोक मी फक्त लिफ्टमध्ये, मोबाइलकडे बघताना पाहिलेत. त्यांचीही बेल वाजवली. आत कुत्रं भुंकलं, माणूस कोणी आलं नाही. खाली जायला हरकत नव्हती. पण खाली सोफे आहेत, काचेचं दार आहे, इस्त्रीचे कपडे घालून येणारीजाणारी माणसं आहेत. जुन्या मॅक्सीवर, पायात काही नाही, अशी मी तिथे उभी राहणार नव्हते. अडाणीपणा म्हणा हवं तर. मी जिन्यात जाऊन पायरीवर बसले.

त्या जिन्याने कोणीच जात नाही. लिफ्ट आहे ना. पायऱ्या कोऱ्या आहेत, त्यांना मधोमध झीज नाही, कठड्याला हाताचा तेलकटपणा नाही. आमची सगळी मैत्री ज्या जागेवर झाली ती जागाच या बिल्डिंगमध्ये कोणाला लागत नाही, हे मला तिथे बसल्यावर कळलं. वर, खाली, कुठेच पावलांचा आवाज नव्हता. मला रडू आलं. पुसायला ओढणी तेवढी होती.

दिवस कलल्यावर लिफ्ट उघडली आणि समोरची मुलगी आली. जिन्याच्या दाराच्या काचेतून तिला मी दिसले. "काकू? तुम्ही अशा काय बसलात इथे? कधीपासून?" तिने मला हाताला धरून उठवलं आणि आपल्या घरात नेलं. मी त्या घरात पहिल्यांदाच गेले. छान सजवलंय त्यांनी. पण मी बसल्या बसल्या मनातल्या मनात सगळं हलवत होते. इथे माझ्या समोरचीची सागवानी खुर्ची आली असती. इथे ती तसबीर. इथे दाराजवळ खिळा.

मुलगी पाणी घेऊन आली. "थांबा, मी चावीवाल्याला बोलावते. लॉक तोडावं लागेल बहुतेक."

"तोडायला कशाला? चावी आहे की."

"कुठे आहे?"

"बोरिवलीला."

तिने आपला फोन माझ्यापुढे धरला. मी तिच्या फोनवरून नंबर लावला. आजकाल कोणाला कोणाचे नंबर पाठ नसतात. मला समोरचीचा आहे.

"लॅच ना?" मी नुसतं "अगं" म्हणताच समोरची म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"दुसऱ्याच्या फोनवरून बोलतेयस म्हणून. जेवलीस का? बस तिथेच. येते."

"अगं, येऊ नकोस. गुडघा..."

पण तिने फोन ठेवला होता. सुनेने गाडी बुक करून दिली. बोरिवली ते मुलुंड, तेही संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये. मुलीने तोवर मला पोहे करून दिले, आणि मीठ कमी आहे हे मी सांगितलं नाही. शेवटी लिफ्ट उघडली. आत समोरची, काठी घेऊन, आधीच वैतागलेली. आमच्या दारापाशी ती गेली, लाल नाडी काढली, दार उघडलं. आणि सवयीने बाजूला झाली, आत पहिलं पाऊल टाकलं नाही. नियम होता आमचा. घर जिचं, ती आधी आत.

चहा झाला. कप खाली ठेवून ती म्हणाली, "हे असं नाही चालायचं. आज मला यायला इतका वेळ लागला. लॅच होतं म्हणून चाललं. तू आत पडली असतीस तर?"

मी कप उचलायला लागले.

"मला बोरिवलीहून पाणी नाही दिसणार दाराखालचं," ती म्हणाली.

ती उठली, काठी टेकत समोर गेली आणि बेल वाजवली. मी दारात उभी होते. मुलगी आली, तिच्या मागे नुकताच घरी आलेला नवरा. समोरचीने लाल नाडीची चावी मुलीच्या हातात ठेवली आणि मूठ मिटवली. "ही हिची चावी. सकाळी दूध दारात दिसलं, पाणी बाहेर आलं, हाक मारून ओ आली नाही, तर विचार करत बसायचं नाही. उघडायचं. काही इकडेतिकडे झालं तर माझ्यावर घाला. मी नर्स होते, मला सवय आहे." मुलीने नवऱ्याकडे पाहिलं नाही. "हो," म्हणाली. मग भिंतीकडे बघून म्हणाली, "पण ठेवू कुठे?"

"खिळा ठोका एक," समोरची म्हणाली. "एवढं मोठं घर, एक खिळा नाही."

म्हणजे मला जे हवं होतं ते मिळालं. चावी समोर गेली. आता मी पडले तर कोणीतरी दार उघडेल. आनंद व्हायला हवा होता, आणि मी मात्र दारात उभी राहून डोळे पुसत होते. बिल्डिंग पाडली तेव्हा मी रडले नव्हते. फ्लॅट विकला म्हणाली तेव्हा मेथीचं बोलले होते. तोवर माझ्या लेखी ती थोड्या दिवसांसाठी बाहेरगावी गेलेली होती, चावी बरोबर घेऊन. आता तिने ती दुसऱ्याच्या हातात दिली. आता ती गेली.

तिला सोडायला मी लिफ्टने खाली आले. हीच ती लिफ्ट. दोघी आरशात दिसत होतो, म्हाताऱ्या. मजल्यांचे आकडे उतरत होते आणि बोलायला कोणतीच पायरी नव्हती. गाडीत बसताना तिने एकदम विचारलं, "माझी जुनी चावी आहे का गं अजून तुझ्याकडे? निळी?"

"आहे. खिळ्यावर."

"फेकून दे ती. दार कुठंय आता?"

"असू दे," मी म्हणाले. "कधी तुझं लॅच लागलं तर?"

ती हसली. मग तिने तोंड दुसरीकडे केलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, चला.